बाहेरून कुलूप

आमच्या घराला दुपारभर बाहेरून कुलूप असायचं आणि आत आम्ही दोघं असायचो, मी आणि माझा धाकटा भाऊ पिंट्या. सातपूरच्या कारखान्यांच्या मागे कामगारांच्या घरांची एक लांबलचक रांग होती, तिच्यातलं शेवटून दुसरं घर आमचं. एक खोली, तिच्यातच अर्धी भिंत घालून काढलेलं स्वयंपाकघर आणि गल्लीकडे उघडणारी गजांची एक खिडकी. वडील टेम्पो चालवायचे. विंचूरचा कांदा मुंबईला पोचवून परत येताना कसाऱ्याच्या घाटात ते गेले, तेव्हा पिंट्या नुकता भिंत धरून चालायला लागला होता. मला त्यांचा चेहरा आठवतो, पिंट्याला तेवढंही नाही. मग आई जवळच्याच एका कारखान्यात लागली. विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायचं काम होतं. तिच्या बोटांना वार्निशचा वास यायचा, कितीही साबण लावला तरी जायचा नाही, आणि ती भाकरी थापायची तेव्हा भाकरीलाही थोडासा लागायचा. मला तो आवडायचा. आई कामावर गेली की मी तिच्या उशीला नाक लावून तो शोधायची.

सकाळी माझी शाळा असायची आणि पिंट्याची बालवाडी. शाळा सुटली की मी त्याला बालवाडीतून उचलायची, त्याचं नाक पुसायची आणि घरी आणायची. जेवणाचा भोंगा झाला की आई कारखान्यातून निघायची. ती चालत यायची म्हणणं बरोबर नाही, ती पदर खोचून जवळजवळ पळतच यायची. सकाळच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कधी मुगाची आमटी. आम्हाला वाढून स्वतः ओट्याशी उभ्याउभ्याच दोन घास खायची. निघताना पिंट्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची, त्यानं मागे लागून रडू नये म्हणून. मी रडत नसे, त्यामुळे मला गूळ नसे. मग दार लोटलं जायचं, कडी सरकायची आणि कुलपाचा खटका वाजायचा. आजही मी आत असताना कुणी चुकून बाहेरून कडी लावली, तर हातातलं काम तिथंच राहतं माझं.

आईला दोष देऊ नये. वस्तीच्या मागून पाट वाहायचा, काठोकाठ भरलेला, आणि आमच्याच रांगेतलं एक पोर त्यात वाहून गेलेलं होतं. पिंट्या पाण्यासाठी वेडा होता. दाराला आतून कडी घातली तर तो डब्यावर चढून काढायचा. मला त्याच्यामागे पळवण्यापेक्षा आईनं कुलूप पसंत केलं. एक चावी तिच्या कमरेला, दुसरी शेजारच्या सिंधूमावशीकडे, काही झालं तर उघडायला. सिंधूमावशी घरी शिवण शिवायच्या. त्यांच्या यंत्राचा आवाज आमच्या भिंतीतून यायचा, आणि त्या आवाजाच्या वरून त्यांचं त्यांच्या मुलीशी, ज्योतीशी, चाललेलं बोलणं. "ज्योते, ताटातलं संपव. ज्योते, केस पुसले का? ज्योते, तंगड्या पसरून बसू नको गं, घोडी झालीस." ज्योती माझ्याच वर्गात होती. तिला दुपारभर कुणीतरी रागवायचं. मी भिंतीला कान लावून ते सगळं रागावणं ऐकायची. ज्योतीकडे नवा फ्रॉक होता, चामड्याचं दप्तर होतं, त्याचं मला काही वाटत नसे. पण "घोडी झालीस" हे मला कुणीतरी म्हणायला हवं होतं. शाळेत ती वैतागून सांगायची, "आमची आई ना, सारखी मागेच असते." मी तिच्याशी दोन दिवस बोलत नसे. का, ते तिला कधी कळलं नाही.

हे सगळं आता आठवायला कारण झाली माझी सून. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा मोबाइलवर गट आहे. त्यात कुणीतरी विचारलं की, आठ वर्षांच्या मुलाला तासभर घरी एकटं ठेवलं तर चालतं का, कायदा काय म्हणतो. मग काय, उत्तरांचा पाऊस. एकीनं परदेशातले नियम पाठवले, दुसरी म्हणाली पोलीस उचलून नेतात, तिसरी म्हणाली आमच्याकडे कॅमेरा आहे, मी ऑफिसातून बघते. सून मला म्हणाली, "आई, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना? तुम्ही किती मोकळ्या वाढलात!" मी हो म्हटलं. कुकरची शिट्टी व्हायची होती आणि गोष्ट मोठी होती.

एका शनिवारी, द्राक्षांचे दिवस होते, तात्या आले. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. निफाडजवळ त्यांची द्राक्षाची बाग होती, चांगली लांबवर पसरलेली म्हणायचे सगळे, आणि पोटी मूल नव्हतं. वर्षातून एकदोनदा यायचे, ते नेहमी रविवारी. त्या दिवशी काहीतरी कामानं नाशकात आले होते, म्हणून न सांगता आले. खांद्यावर द्राक्षांची पेटी. दाराला कुलूप बघून परत फिरणार, तेवढ्यात आतून पिंट्यानं हाक मारली, "तात्याऽ!"

ते खिडकीशी आले. गजांमधून आत पाहिलं. आधी त्यांना काही समजेना.

"अरे, आत कसा तू? दार उघड की."

"कुलूप हाय," पिंट्या म्हणाला. तात्यांशी बोलताना तो लगेच त्यांच्यासारखं बोलायचा.

"चावी कुठंय?"

"एक आईजवळ," मी म्हटलं. "एक सिंधूमावशींकडे, पण त्या आज पंचवटीत गेल्यात. संध्याकाळी येतील."

तात्यांनी दाराशी जाऊन कुलूप ओढून पाहिलं आणि ते परत खिडकीशी आले. मग त्यांनी पेटी खाली ठेवली, कागद बाजूला केला आणि एक घड उचलला. घड गजांतून जाईना. मग त्यांनी तो तोडून तोडून लहान केला आणि एकेक झुबका आत दिला. प्रत्येक झुबका पिंट्याच्या ओंजळीत. "खा रे माझ्या वाघा. घाबरलास का? घाबरू नको, तुझा तात्या हाय." मी पिंट्याच्या मागेच उभी होते, त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. माझे हात मोकळे होते. ते मी पाठीमागे घेतले.

पण घरी पाहुणा आला होता आणि आई नव्हती. पाहुण्याला चहा विचारतात, एवढं मला माहीत होतं. मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला. मला पेटवता यायचा, आईनंच शिकवलं होतं. चहा केला, आल्याचा तुकडा ठेचून टाकला, कपबशीतला कप बशीशिवाय गजांतून बाहेर दिला. मला वाटलं, आता ते म्हणतील, वा, पोरगी कामाची आहे. तात्यांनी कप हातात घेतला. चहाकडे पाहिलं, आत भरभर जळणाऱ्या स्टोव्हकडे पाहिलं, स्टोव्हपासून हातभर अंतरावर द्राक्ष खात बसलेल्या पिंट्याकडे पाहिलं. चहा प्यायलेच नाहीत. कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गल्लीच्या मधोमध जाऊन मोठमोठ्यानं बोलायला लागले. बायका दारात आल्या. आईला कुणीतरी कारखान्यातून बोलावून आणलं.

आईनं धापा टाकत कुलूप काढलं. तात्या दाराबाहेरच उभे होते.

"सुमन, गुरं तरी सावलीला बांधतेत गं. पोरं कोंडून जातीस?"

"भाऊजी, पाट हाय मागं. मी करू काय? घरी बसले तर खायचं काय?"

"म्हणून कुलूप? आत रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला. लेकरू होरपळलं असतं म्हणजे? ह्याला कायदा हाय. लहान पोरं अशी टाकून जाणं गुन्हा हाय, ठावकं हाय का तुला?"

"टाकून नाय गेले मी."

"माझ्या भावाची एकच निशाणी राहिलीय," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. ते खोटं रडत नव्हते, हे मला तेव्हाही कळलं. "एकच हाय ती. तिला अशी जाळू नको."

एकच. मी आईच्या पदराआड उभी होते. मी माझ्या मनाशी मोजून पाहिलं आणि आम्ही दोघं होतो.

महिन्याभरानं कोर्टाचा कागद आला. तात्यांनी अर्ज केला होता की, मुलाची आई त्याला दिवसदिवस कोंडून जाते, मुलाच्या जिवाला धोका आहे, तरी मुलाचं पालकत्व चुलत्याला द्यावं. आईला वाचता यायचं, पण तिनं तो कागद सिंधूमावशींकडून वाचून घेतला, जणू दुसऱ्यानं वाचला तर त्यात वेगळं काही निघेल. मी दारात बसून ऐकत होते. सगळ्या कागदभर पिंट्याचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तो वाचून संपला तेव्हा मी विचारलं, "आणि माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी काय?"

"माझ्यासाठी पण केस आहे का?"

आई त्या सगळ्यातही हसली. "तुझ्यासाठी कशाला असंल गं बाई? तुला कोण नेतंय? तू तर आपलीच हायेस."

तिनं ते मायेनं म्हटलं होतं. इतक्या वर्षांनी हे वाक्य आठवलं की माया दिसते. पण तेव्हा मला त्यातलं फक्त "तुला कोण नेतंय" एवढंच ऐकू आलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या लहानपणातले सगळ्यात वाईट, आणि पिंट्याच्या आयुष्यातले बहुतेक सगळ्यात सुखाचे. आपला मुलगा नेणार, या भीतीनं आई त्याच्यावर अशी तुटून पडली की बघवत नसे. आधी ती कामावरून आली की दमून भिंतीला टेकायची, आता आधी त्याला मांडीवर घ्यायची. शनिवारी पगाराबरोबर त्याच्यासाठी जिलेबी यायची. मलाही मिळायची, पण पुडा त्याच्या हातात दिला जायचा आणि मला त्याच्याकडे मागावी लागायची. अंथरुणात मी नेहमी आईच्या डाव्या कुशीला झोपत असे. एके रात्री आईनं त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि मी भिंतीकडे सरकले, ती तिथंच राहिले. पिंट्याला सगळं समजत होतं. तो मला म्हणायचा, "तात्या मला बैलगाडीत बसवणार. तात्यांचा कुत्रा हाय. बाग सगळी माझीच हाय." मी म्हणायची, "जा मग." आणि तो खरंच गेला तर, असं मनात यायचं. तो गेला तर आईच्या दोन्ही कुशी माझ्या. मग लगेच वाटायचं, त्याच्याऐवजी मीच गेले तर? त्या बागेत, त्या कुत्र्याजवळ? पण तिथं मला कुणी बोलावलं नव्हतं. मी दुपारी कुलपाच्या आत बसून, पिंट्या झोपला की, मनातल्या मनात एक काका तयार करायची. तो दूर पेठकडच्या डोंगरात राहायचा. तो कोर्टात जाऊन सांगायचा, मला ती मुलगी पाहिजे, मंगल नावाची, मुलगा नको. त्याचं तोंड मला कधी नीट दिसायचं नाही, पण वाक्य स्पष्ट ऐकू यायचं.

हो, कुलूप अजून होतंच. काय करणार होती आई? सुट्टी घेतली तर काम जाणार. फरक एवढाच पडला की, तिनं स्टोव्हमधलं रॉकेल काढून डबा वर फळीवर ठेवला आणि सिंधूमावशी मधूनमधून खिडकीशी येऊन डोकावून जायला लागल्या. कारखान्यातल्या युनियनच्या एका माणसानं वकील गाठून दिला. वकिलांनी सांगितलं, तारखेला दोन्ही मुलांना घेऊन या.

कोर्टात जायचं म्हणून पिंट्याला नवा शर्ट आला. मला ज्योतीचा फ्रॉक आला, एका दिवसापुरता. आम्ही बसनं सीबीएसला, नाशिकच्या मुख्य स्टँडवर, उतरलो. कोर्टाच्या आवारात माणसांची ही गर्दी, झाडाखाली टाइपरायटरचा कडकडाट, काळे कोट, चहाच्या पेल्यांचा आवाज. लांब व्हरांड्यात तात्या धुतलेलं धोतर नेसून बसले होते आणि शेजारी काकू. काकूंना मी त्याआधी क्वचितच पाहिलं होतं. उंच, सावळ्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी पिंट्याला हाक मारली, पिशवीतून डबा काढला, डिंकाचा लाडू त्याच्या हातात दिला. आईनं "नको" म्हटलं नाही आणि "घे" पण म्हटलं नाही. तात्यांनी पिंट्याला खांद्यावर घेतलं. आईनं त्याचा पाय धरून ठेवला. एकाच पोराला दोघं दोन बाजूंनी धरून होते आणि तो मधे लाडू खात होता. मी भिंतीला टेकून उभी होते. इतका हेवा मला पुढं आयुष्यात कुणाचाही वाटला नाही. मैत्रिणींची लग्नं चांगल्या घरांत झाली, कुणाकुणाची मुलं परदेशी गेली. जरा वाटलं आणि गेलं. पण त्या व्हरांड्यातल्या पिंट्याच्या जागी मी असावं, मला कुणीतरी दोन्हीकडून ओढावं, माझा हात दुखेपर्यंत ओढावं, असं जे वाटलं त्याला तोड नाही.

मग आमचं नाव पुकारलं. मुलं लहान आहेत म्हणून न्यायाधीशांनी सगळ्यांना आतल्या खोलीतच बोलावलं. किरकोळ बांध्याचे, म्हातारपणाकडे झुकलेले गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवलेला. तात्यांचे वकील आधी बोलले. पाच वर्षांचं मूल, साहेब. बाहेरून कुलूप. आत पेटता स्टोव्ह. चुलत्यानं डोळ्यांनी पाहिलंय. उद्या काही विपरीत झालं असतं तर? मग आमचे वकील म्हणाले, साहेब, मूल एकटं नव्हतंच. त्याची मोठी बहीण त्याच्याजवळ होती.

साहेबांनी आईकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे, बाई?"

आई उभी राहिली. तिला शहरी बोलायचं होतं, पण ते जमेना. "साहेब, माझी मंगल लय शहाणी हाय. बाईमाणसासारखी सांभाळती त्याला. जेवू घालती, निजवती, ताप आला तर पट्ट्या ठेवती. तिच्या भरवशावर मी काम करते. ती हाय म्हणून मी हाय."

आईनं माझ्याबद्दल एवढं सगळं, सलग, लोकांसमोर कधी म्हटलं नव्हतं. मी ताठ उभी राहिले. पिंट्याकडे पाहिलं, त्यानं ऐकलं की नाही ते.

"इकडे ये गं बाळ," साहेब म्हणाले. मी टेबलाजवळ गेले. "मंगल ना? वय काय तुझं?"

"दहावं चालू आहे."

"दुपारी भावाजवळ कोण असतं?"

"मी."

"आणि तुझ्याजवळ कोण असतं?"

मला प्रश्न समजलाच नाही. मी थोडा विचार केला आणि म्हटलं, "पिंट्या."

दोन्ही वकील हसले. तात्यासुद्धा जरा हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की, मी चुकीचं उत्तर दिलं, असं वाटून माझे कान तापले. मागून कसलासा आवाज आला. वळून पाहिलं तर आई तोंडात पदर कोंबून रडत होती. तात्या एवढं बोलले तेव्हा ती रडली नव्हती, कागद आला तेव्हाही नाही. आणि आता माझ्या एका उत्तरानं रडत होती. मला वाटलं, माझ्यामुळे आपण केस हरलो.

साहेब तात्यांकडे वळले. "दोन्ही मुलं आत होती?"

"व्हय साहेब."

"दोघांना कोंडलं होतं. मग तुमचा अर्ज एकासाठीच कसा?"

तात्या गोंधळले. "ती... ती पोरगी हाय साहेब. तिची आईला मदत होती घरात."

"आग लागली असती तर तिला लागली नसती?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. काकूंनी मान इतकी खाली घातली होती की, त्यांचा भांग तेवढा दिसत होता.

मग साहेब आईला म्हणाले, "बाई, कितव्या वर्षापासून मूल घरी एकटं ठेवावं याचा आकडा कायद्यात नाही. असता तर माझं काम सोपं झालं असतं. हेळसांड झाली की नाही एवढंच मला बघायचं असतं. तुम्ही पोट भरायला जाता, ती हेळसांड नव्हे. पण ते बाहेरचं कुलूप बंद करा. कितीही शहाणी असली तरी ही पोर दार मोडू शकणार नाही. दोघांना सांभाळायला कुणीतरी मोठं माणूस बघा आणि पुढच्या तारखेला येऊन मला सांगा. दोघांना, लक्षात आलं?"

(माझी भाची वकील आहे. परवा तिला विचारलं. ती म्हणाली, आत्या, आजही असं ठरावीक वय कायद्यात नाहीच. दुर्लक्ष केलं, धोक्यात टाकलं, तर गुन्हा. बाकी ज्याच्या-त्याच्या परिस्थितीवर. मी हे सुनेला सांगितलं, तर ती म्हणाली, मग त्या गटातल्या सगळ्याच बरोबर आणि सगळ्याच चूक!)

परत येताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर पिंट्या लगेच झोपला. आईनं मला पुढ्यात बसवलं आणि माझ्या केसांतला गुंता काढायला लागली, दुखेल इतक्या जोरात.

"दुपारी भ्या वाटायचं का गं तुला?"

"वाटायचं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"पिंट्याला वाटायचं ना," मी म्हटलं. "दोघांना वाटून कसं चालेल?"

फणी थांबली. मग पुन्हा चालू झाली, या वेळी हळू.

दुसऱ्याच दिवशी आई सिंधूमावशींकडे गेली आणि सरळ विचारलं. त्याही सरळ बाई, म्हणाल्या, "अगं, मी वाटच बघत होते तू कधी विचारतेस त्याची." त्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही त्यांच्या घरी. आई आठवड्याला त्यांचं दळण आणायची, रविवारी त्यांचे कपडे धुवायची. आणि सिंधूमावशी मला पहिल्याच आठवड्यात रागावल्या. मी पाय पसरून बसले होते. "मंगल, तंगड्या आवर. घोडी झालीस!" मी पाय आवरले आणि थोड्या वेळानं मुद्दाम पुन्हा पसरले. ज्योती कोपऱ्यातून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. तिची आई आता तिच्या एकटीची राहिली नव्हती, हे तिला कळत होतं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. का, ते मला चांगलं माहीत होतं.

तात्यांचा अर्ज पुढं फेटाळला गेला. त्यांनी वरच्या कोर्टात वगैरे काही केलं नाही. दोन-तीन वर्षं येणं-जाणं तुटलं, मग एका दिवाळीला ते स्वतःच आले, पिंट्यासाठी टिकल्यांचं पिस्तूल आणि माझ्यासाठी परकर-पोलक्याचं कापड घेऊन. कापड काकूंनी निवडलं होतं, रंग इतका माझा होता की मी ते विरेपर्यंत वापरलं. झाल्या गोष्टीबद्दल कुणी कधीच बोललं नाही. आपल्याकडे तीच पद्धत आहे.

आई गेली, तात्याही गेले. काकू मात्र अजून आहेत. पाठीतून वाकल्यात, कानांनी कमी ऐकतात, पण डोकं लख्ख. मागच्या वर्षी मी आणि पिंट्या त्यांना भेटायला निफाडला गेलो. पिंट्याचं आता नाशकात स्वतःचं वर्कशॉप आहे, पन्नाशी उलटली, पोट सुटलंय. काकूंनी दोघांना ओसरीवर बसवलं, जेवायला घातलं. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. जेवण झाल्यावर पिंट्या थट्टेनं म्हणाला, "काकू, त्या वेळी साहेबानं माझा निकाल तुमच्या बाजूनं दिला असता, तर आज ही सगळी बाग माझी असती!"

काकू हसल्या नाहीत. हातातल्या सुपातले तांदूळ पाखडत राहिल्या.

"तुला मागायचं त्यांच्या मनात होतं," त्या म्हणाल्या. "वावराला वारस पाहिजे होता त्यांना. मला लेक पाहिजे होती. मी म्हणले, आणायचीच तर मंगलला आणा. ते म्हणले, पोरगी काय, उद्या लग्न होऊन जाईल. मग माझं कोण ऐकतंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोर्टात तू भिंतीला टेकून उभी होतीस. मला लय वाटलं, उठून जावं नि जवळ घ्यावं. पण त्यांच्यादेखत कसं घेणार? याला लाडू दिला, तो पण त्यांनी सांगितलं म्हणून दिला."

मी काकूंचा हात धरला आणि तो थोडा वेळ तसाच धरून बसले.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी पिंट्याच चालवत होता. एरवी तो गाडी चालवताना एकसारखा बोलतो, कामगार, जीएसटी, खड्डे. त्या दिवशी एक अक्षर नाही. ओझर आलं, ओझर गेलं. शेवटी म्हणाला, "काकूंचं वय झालंय, ताई. आता काही बरोबर आठवत नसेल त्यांना."

"असेल," मी म्हटलं.

"मी सुट्टीत बागेत जायचो तेव्हा किती करायच्या माझं."

"करायच्या की."

"मग असं कसं म्हणतात?" त्यानं हॉर्न उगाचच जोरात वाजवला. पुढं रस्ता मोकळा होता. "म्हणजे मी त्यांना नकोच होतो, असं म्हणायचंय का त्यांना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा गाल फुगला होता, अगदी जिलेबीचा पुडा काढून घेतल्यावर फुगायचा तसा. मी त्याची मोठी बहीण, त्याची समजूत काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलेलं. एक शब्द बोलले असते तरी त्याला बरं वाटलं असतं. तो शब्द मला येत होता. मी काच खाली केली, तोंडावर वारं घेतलं आणि नाशिक येईपर्यंत गप्प बसून राहिले.